कॅमेरा ठरेपर्यंत

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

तुलनातक्ता आज एकदाचा पुरा झाला. बावीस वर्षं कंपनीच्या परचेस खात्यात घासली आहेत. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी ऑफिसात टाचणीसुद्धा येऊ देत नाही, तर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी घेतोय तो कॅमेरा असाच उचलून कसा आणेन? खात्याच्या शिस्तीने कंपन्यांची नावं झाकली आणि उमेदवारांना अ, ब, क केलं. पक्षपाताचा संशय नको.

मागणी तशी साधी आहे. कॅमेरा खिशात मावला पाहिजे आणि आत सेन्सर मोठा पाहिजे. सेन्सर म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा. तो मोठा असला की दिवेलागणीच्या उजेडातही फोटो स्वच्छ येतो. आणि कॅमेरा लहान अशासाठी की रस्त्यात मोठं धूड बाहेर काढलं की माणसं एकतर केस सारखे करतात नाहीतर अंगावर येतात. पण 'अ'ला झूम नाही. 'ब'ला झूम आहे, तर तो अंधारात रडतो. 'क' देखणा आहे, पण जगात कुठल्याच दुकानात शिल्लक नाही.

घाई एवढ्यासाठी की नोव्हेंबरात विनीतचा ग्रुप हंपीला चाललाय. विनीत माझा कॉलेजचा मित्र, राहतो ठाण्याला, दर रविवारी पंधरा-वीस हौशी लोकांना घेऊन गल्लीबोळांत फोटो काढत फिरतो. मला न्यायला तयार आहे. फक्त म्हणाला, "फोन घेऊन येऊ नको हां, ग्रुपमध्ये इज्जत जाते."

संध्याकाळी अण्णा म्हणाले, "पशा, एकदा डोळं दाखवून येऊ का? कडंकडंनं जाळं धरल्यागत वाटतंय." अण्णा म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या कारखान्यातून लेथवरचे टर्नर म्हणून रिटायर झाले त्याला आता जमाना झाला. म्हटलं, एक्क्याऐंशीव्या वर्षी मोतीबिंदू असणारच, पिकू दे आधी. समोरच्या गोदाकाकूंनी पिकल्यावर काढला आणि पंधरवड्यात स्वेटर विणायला बसल्या. कच्चा काढून काय उपयोग? कॅमेऱ्याचं एकदा मार्गी लागलं की जाऊ. अण्णा "बरं" म्हणाले. अण्णांचं एक बरं असतं, हट्ट करत नाहीत.

रविवार, १० ऑगस्ट

ठाण्याला गोखले रोडवरच्या दुकानात गेलेलो. हातात धरून पाहिल्याशिवाय निर्णय नाही हे मी स्वतःला बजावलं होतं. सेल्समनने 'अ' काढून दिला. हातात घेतला तर पिसासारखा हलका. मी खूश झालो. बटण दाबलं, काही होईना. तो शांतपणे म्हणाला, "सर, डमी आहे तो. आतून रिकामा असतो." मग खरा कुठाय? "बुकिंग केल्यावर मागवतो ना सर." म्हणजे आधी लग्न करा, मग मुलगी दाखवतो.

इंटरनेटवर एक माणूस छातीठोक सांगतो की 'अ'च्या फोटोत कोपरे मऊ येतात. दुसरा त्याहून छातीठोक सांगतो की येत नाहीत. दोघांच्या मागे एकाच जातीची कुंडी ठेवलेली आहे.

घरी येऊन तक्त्यात 'कोपरे' असा नवा रकाना घातला, तेवढ्यात अण्णांनी त्यावर चहा सांडला. कप मी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला होता. अगदी कोपराजवळ. "दिसला न्हाई रं," म्हणाले. आणि हेच गृहस्थ सकाळी पेपरातल्या मुंगीएवढ्या टेंडर नोटिसा मला चष्म्याशिवाय वाचून दाखवतात! तक्ता पुन्हा लिहिला. चिडचिड झाली.

शनिवार, २३ ऑगस्ट

'क' मिळाला! म्हणजे मिळाला असता. नवी मुंबईत एका गृहस्थांना त्यांचा जवळजवळ नवा 'क' विकायचा होता. सकाळी जातो आणि बारापर्यंत परततो असा हिशेब केला. माझ्या बायकोने, मृणालने, कल्याणच्या डोळ्यांच्या डॉक्टरांची चारची वेळ घेऊन ठेवली होती, म्हणजे चार तास हातात होते.

शीळफाट्याला एक कंटेनर आडवा झाला होता. त्या फाट्यावर मी जेवढा वेळ काढलाय तेवढ्यात लोकांचे संसार होतात. रिक्षावाला इंजिन बंद करून भजनं ऐकत बसला. दोन तासांनी पलीकडे पोचलो तर तो माणूस म्हणतो, "विकला ना, आत्ताच." परत येताना तोच फाटा, तोच कंटेनर, फक्त तोंड दुसरीकडे.

घरी पोचलो तर साडेपाच. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी मांडीवर ठेवून, दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. तीन वाजल्यापासून. मृणाल म्हणाली, "मी नेत होते त्यांना. ऐकेचनात. म्हणे पशा येऊ दे." अपॉइंटमेंट गेली. मी डोक्यावर पंखा लावून आडवा झालो आणि 'क' तक्त्यातून काढून टाकला.

रविवार, ७ सप्टेंबर

निर्णय झाला. 'अ'. झूम नसलं तर नसलं, पायाने पुढे-मागे व्हायचं, विनीत म्हणतो खरा फोटोग्राफर तसाच तयार होतो. मी जेवायच्या वेळी घोषणा केली की आजच जाऊन बुकिंग करतो.

मृणाल म्हणाली, "आज ग्रहण आहे."
"बरं, उद्या."
"उद्यापासून पितृपक्ष."

मी रुचिताकडे पाहिलं. मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, निदान ती तरी बापाची बाजू घेईल. ती म्हणाली, "बाबा, तू दोन महिने थांबलायस ना, आणखी पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणारे? आणि फोनने काढ ना यार." अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "नवी वस्तू पित्रात नगं. चांगलं न्हाई." झालं. एकमताने ठराव पास.

मंगळवार, १६ सप्टेंबर

पितृपक्ष चालू असताना परमेश्वराने 'ड' बाजारात आणला. सेन्सर 'अ'एवढा, झूम 'ब'एवढं, आणि म्हणे कोपरेसुद्धा कडक. तक्ता पुन्हा उघडावा लागला. मी कुणाचं काय घोडं मारलंय?

आज अण्णांचे दोस्त धोंडिबा यांचा फोन आलेला. ठाकुर्ली स्टेशनजवळच्या बाकावर दोघं रोज संध्याकाळी बसायचे. अण्णांबद्दलच विचारत होते, "दगडू हल्ली येत का न्हाई? गणपतीच्या आधीपासून फिरकला न्हाई." अण्णा म्हणतात गुडघा दुखतो. पण घरात दिवसभर या खोलीतून त्या खोलीत भिंतीला हात लावत फेऱ्या घालतात, तेव्हा दुखत नाही. आणि भरदिवसा सगळे दिवे लावून ठेवतात. मी मागून बंद करत जातो, ते पुढे लावत जातात. कपाळाला टेंगूळ आहे, बाथरूमच्या दाराची चौकट लागली म्हणे. तीस वर्षं तीच चौकट आहे.

मृणाल फार चिडली माझ्यावर. "'ड' आला, उद्या 'ई' येईल. अण्णांचे डोळे कधी?" मी म्हटलं, पित्रात कुणी ऑपरेशन करतं का? यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटतं पटलं तिला.

शनिवार, २७ सप्टेंबर

घेतला! 'अ'च घेतला. 'ड'ची वाट डिसेंबरपर्यंत पाहावी लागणार होती. खरा, जड, चालू होणारा कॅमेरा. बटण दाबलं की लेन्स गोगलगायीसारखी बाहेर येते, बंद केला की आत जाते. सगळा शर्टाच्या खिशात.

अण्णांच्या हातात दिला. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन तळाचा बारीक नंबर घडाघडा वाचला, नखाने कडा तपासली आणि म्हणाले, "फिनिशिंग झ्याक हाय." टर्नरचं सर्टिफिकेट मिळालं. या माणसाच्या डोळ्यांना काय धाड भरलीय, मला कळत नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

पहिली फेरी कल्याणला काढली, जुन्या भागात, पारनाक्याच्या बाजूला. विनीतचं म्हणणं, नवशिक्याने ओळखीच्या गावात सुरुवात करावी. अण्णांना बरोबर घेतलं. महिनाभर घराबाहेर पडले नव्हते, म्हटलं हवापालट. शिवाय रस्त्यात एखादं म्हातारं माणूस फ्रेममध्ये असलं तर फोटोला वजन येतं असं सगळे सांगतात.

वैताग! नवरात्रीची गर्दी, फुलवाल्या, टोपल्या, सुंदर तिरकस ऊन. मी एका ठिकाणी उभा राहून बटण दाबून धरायचो, सेकंदाला दहा-बारा फोटो. आणि दर वेळी नेमके अण्णा मध्ये. एकदा हातगाडीवर जाऊन आदळले. गाडीवाला खेकसला, "ओ आजोबा, बघून चाला की! दिसत नाही का?" एकदा पायरीच चुकले, एका बाईने दंड धरला म्हणून वाचले. मी म्हटलं, अण्णा, तुम्ही जरा माझ्या बाजूने चाला ना, सगळे फोटो खराब होतायत. तर म्हणाले, "तू कुठल्या बाजूला हायेस त्ये सांगत जा." मी शेजारीच होतो!

चारशे फोटो काढले. चांगले सहा.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

सुट्टी टाकली होती.

अण्णा दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा मांडतात. रिटायर होताना कंपनीने बाकी काही दिलं नाही, पण त्यांचा व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, ही मापं घ्यायची हत्यारं, दिली. ती लाल फडक्यावर, शेजारी नट आवळायचे पाने, मृणालची कात्री, रुचिताचा लॅपटॉप. त्यांचा नेम असा की टिळा दांड्यावर लावायचा नाही, जिथून हत्यार काम करतं तिथेच लावायचा. व्हर्नियरच्या जबड्याला. कात्रीच्या पात्याला. रुचिताने शहाणपणाने कीबोर्डवर प्लास्टिक घालून ठेवलं होतं.

कॅमेरा मी स्वतः पाटावर ठेवला, लेन्स बाहेर काढून, ऐटीत दिसावा म्हणून. तेवढ्यात हंपीच्या तिकिटांसाठी विनीतचा फोन आला. अण्णांनी विचारलं, "पशा, ह्ये काम कुठनं करतं?" मी बोलता बोलता सांगितलं, पुढच्या काचेतून.

फोन ठेवून वळलो तर भिजवलेलं कुंकू काचेच्या बरोबर मधोमध. वर अक्षता. मी ओरडेपर्यंत कॅमेरा आपोआप बंद झाला आणि लेन्स कुंकवासकट आत गेली. करकर आवाज आला. तो आवाज माझ्या दातांत बसलाय.

मी खूप बोललो. नको ते बोललो. शेवटी म्हटलं, "दिसत नाही का तुम्हाला, काच आहे ती?" अण्णा म्हणाले, "काच दिसली की. म्हणून तर तितं लावलं." मग पाटावरची बाकीची हत्यारं एक एक करून फडक्यात गुंडाळायला लागले. व्हर्नियर त्यांच्या गुडघ्याशीच पडला होता, पण तो सोडून ते सगळ्या पाटावर हात फिरवत बसले. रुचिताने उचलून दिला.

रविवार, ५ ऑक्टोबर

विनीतच्या ग्रुपबरोबर ठाण्याला तलावपाळीला. बाहेरची काच मी पुसली होती, फोटो निघत होते. घरी येऊन कॉम्प्युटरवर बघतो तर प्रत्येक फोटोत उजवीकडे वर एक काळपट ठिपका. आभाळात ठिपका, बाईच्या कपाळाच्या वर ठिपका, बोटीवर ठिपका. विनीत म्हणाला, "कण आत गेलाय, सेन्सरवर. ह्या मॉडेलची लेन्स निघत नाही, सगळा खोलावा लागणार. आणि कुंकू दिसलं ना कंपनीवाल्यांना, तर वॉरंटी विसर."

पण विसरीन तर मी परचेसचा माणूस कसला? ठिपका खंडेनवमीच्या आधीपासून होता असं सिद्ध झालं तर तो मूळचाच दोष ठरतो. आधीचे चारशे फोटो आहेत माझ्याकडे, कल्याणचे. उद्या एक एक करून तपासतो.

सोमवार, ६ ऑक्टोबर

ठिपका नाही. चारशेत एकातही नाही.

पण मी ते ठिपक्यासाठी भराभर पुढे सरकवत होतो, आणि एका सेकंदाचे दहा-दहा फोटो असे पळवले की सिनेमासारखं हलतं. मी वरचा उजवा कोपरा बघत होतो. खाली अण्णा चालत होते.

हातगाडी बाजूने येतेय. फोटोतल्या सगळ्या लोकांचे डोळे तिच्याकडे वळलेत, माना न वळवता. अण्णांचे वळत नाहीत. गाडी त्यांच्या खांद्याला लागेपर्यंत ती त्यांच्या जगातच नाही. पुढच्या फोटोंत ते पूर्ण मान वळवून डावीकडे बघतात, मग पूर्ण मान वळवून उजवीकडे, अंधारात बॅटरी फिरवावी तसं. एक हात सतत दुकानांच्या फळ्यांवर. आणि एका फोटोत तोंड उघडं आहे, ते काहीतरी हाक मारतायत. मी समोर कॅमेरा घेऊन उभा असणार. ते माझ्या उलट्या दिशेला बघून हाक मारतायत.

मृणालला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आत्ता दिसलं तुला?" आणि रडायला लागली. मला माझी लाज वाटली. अजून वाटतेय.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

मोतीबिंदू नाही. काचबिंदू. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात पिकण्याची वाट बघायची नसते, यात नजर कडेकडेने मरत जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो आणि घरच्यांना वाटतं डोळे ठणठणीत आहेत. मेलेली परत येत नाही. उरलेली थेंबांनी राखायची.

त्याआधी एक तपासणी झाली. मशीनमध्ये डोकं घालून बसायचं, कडेला कुठेही दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर होतो. पातळ पार्टिशन, बटणाचा आवाज ऐकू यायचा. टिक. मग कितीतरी वेळ काही नाही. मला वाटलं संपलं. मग पुन्हा एक टिक. अण्णांच्या आधी ज्या बाई आत होत्या त्यांचं सारखं टिकटिक चाललं होतं.

डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यात मध्ये थोडं आहे.

बाईंनी विचारलं, "आजोबा, कधीपासून होतंय असं?" मी खाली बघितलं. अण्णा म्हणाले, "झालं असतील पंधरा-ईस दिस."

बाईंनी लिहिणं थांबवलं. म्हणाल्या, "पंधरा-वीस दिवसांत इतकं गेलं असेल तर फार झपाट्याने जातंय. मग थेंबांवर न थांबता ऑपरेशनचंच बघावं लागेल. पुढच्या आठवड्यात या." मी बोललो नाही. तोंड उघडलं होतं, पण बोललो नाही. रिक्षात बसेपर्यंत तीच हिंमत गोळा करत होतो, आणि रिक्षात बसल्यावर उपयोग नव्हता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

दोन दिवस कामात लक्ष नाही. विनीतला हंपीचं नाही म्हणून कळवलं. तो कॅमेरा दुरुस्तीला द्यायला चल म्हणाला, मी फोन ठेवून दिला. त्याच्यावर कशाला चिडलो कुणास ठाऊक. मी स्वतःवर चिडलोय आणि हाताशी जो येईल त्याला चावतोय. खोट्या तारखेवर माझ्या बापाचं ऑपरेशन ठरतंय, आणि खरी तारीख सांगणारा माणूस ऑफिसात बसून झेरॉक्सच्या कागदाची कोटेशनं तपासतोय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सकाळी एकटाच कल्याणला गेलो. नंबर लावून बसलो. आत जाऊन सांगितलं की वडिलांनी सांगितलेलं खोटं आहे. पंधरा-वीस दिवस नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, त्याआधी किती दिवस काढले असतील ते तेच जाणोत. एक अपॉइंटमेंट माझ्यामुळे चुकली. मी त्यांना थांबायला सांगितलं.

कशासाठी थांबवलंत, त्यांनी विचारलं. तेही सांगितलं.

बाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी मला उभं करून झाडलं. वेटिंग रूममध्ये ऐकू जात होतं. ऑगस्टमध्ये आणलं असतंत तर उजव्या डोळ्याचं बरंच काही हातात राहिलं असतं, शिकलेली माणसं तुम्ही, कॅमेरे कसले घेता. मी हो म्हणत गेलो. शेवटी त्यांनी कागद पुन्हा काढला, तारीख दुरुस्त केली आणि म्हणाल्या, हळूहळू गेलेलं असेल तर सध्या थेंब देऊन पाहू, ऑपरेशनची घाई नको. बरं झालं सांगितलंत. हे शेवटचं वाक्यही त्या ओरडूनच म्हणाल्या.

घरी आलो. थेंबांची वेळ झाली होती. अण्णांना खुर्चीत मान मागे टाकून बसवलं. पहिला थेंब गालावर गेला, दुसरा भुवईवर. मला एवढंही धड जमत नाही. तिसरा डोळ्यात पडला.

मी विचारलं, "अण्णा, डॉक्टरांना खोटं का सांगितलंत?"

डोळे मिटून म्हणाले, "आरं, खरं सांगितलं असतं तर ती बाई तुला वरडली असती."

मी एक्कावन्न वर्षांचा आहे.

म्हटलं, आज जाऊन खरं सांगून आलो.

अण्णांनी गालावरचा थेंब पुसला. मग विचारलं, "वरडली?"
"ओरडली."
"लई?"
"खूप."

त्यांचा हात वर आला आणि मी कुठे आहे ते हवेत शोधायला लागला. मी पुढे झालो. हात माझ्या दंडाला लागला तसा त्यांनी तो घट्ट धरला आणि म्हणाले, "आता एकटा जाऊ नगंस तिच्याकडं. मी येतो संगं."